नायट्रेट कुणाचं?

युसूफ वडगावातल्या एका वाड्याचा आड आणि गावाबाहेर उसाच्या फडातली विहीर, दोन्हींच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पाणी मात्र नितळ, चवीलाही बरं. वाड्यातल्या आजींनी विचारलं, "उकळून पिलं तर चालंल का बाळा?" मला नाही म्हणावं लागलं. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतच जातं. घरात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ होतं. नायट्रेटमुळे अशा बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, म्हणून त्याचं पाणी त्याच दिवसापासून दुसरीकडून आणायला सांगितलं.

गावाचं मत ठरलेलं होतं: दोष युरियाचा. मला ते पूर्ण पटेना. आडाशेजारीच गोठा, पलीकडे संडासाचा शोषखड्डा. इथं काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पाणी कातळाच्या भेगांतून चालतं, आणि कुठली भेग कुठं निघते ते वरून दिसत नाही. आडात क्लोराईडही जास्त होतं, त्यामुळे सांडपाण्याचा संशय बळावला. पण उसाला घालतात ते पोटॅश म्हणजे बहुतेकदा पोटॅशियम क्लोराईडच! क्लोराईडची एकट्याची साक्ष पुरेना.

म्हणून नमुने गाळून, बर्फात ठेवून समस्थानिकांच्या तपासणीला धाडले. युरियातला नायट्रोजन कारखान्यात हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे त्यातलं नायट्रोजन-15 चं प्रमाण हवेच्या आसपास राहतं. शेणामुतातला अमोनिया उडतो तेव्हा हलका नायट्रोजन-14 आधी निघून जातो, जड मागे उरतो. विहिरीतला नायट्रोजन हवेजवळचा निघाला, आडातला बराच जड. जमिनीतले जिवाणू नायट्रेट संपवत असतील तरी उरलेलं जड होतं, पण तेव्हा त्यातला ऑक्सिजन-18 ही सोबत वाढतो. तोही तपासला, तसं काही दिसलं नाही. फडात दोष खताचा, वाड्यात घाणीचा.

तरीही गोठा की शोषखड्डा, हे यातून कळत नाही. दोन्हींचा नायट्रोजन सारखाच जड. आता आडाच्या पाण्यात माणसांच्या औषधांचे अंश शोधायचे आहेत. ते सापडले तर बोट शोषखड्ड्याकडे जाईल. आजींच्या मुलाला मात्र त्या निकालाची वाट न पाहता गोठ्याचा उकिरडा आडापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हलवायला सांगितलं आहे.