दुधीची पहिली फोड
भाजीवाल्या मावशींना माझी एक सवय आवडत नाही. दुधी हातात घेतला की मी त्याच्या देठाजवळ हळूच नख टोचते. नख सहज रुतलं तर दुधी कोवळा. ‘अहो, नखं लागलेला माल मग कोण घेणार?’ असं त्या दर वेळी म्हणतात आणि स्वतःच हाऱ्यातून एक लव असलेला, फिकट हिरवा दुधी काढून देतात.

घरी आल्यावर त्याची खरी परीक्षा होते. साल काढायची, एक पातळ फोड कापायची आणि कच्चीच जिभेवर ठेवायची. गोडसर लागली की बाकीचा दुधी विळीवर. ही सवय आईची. तिच्यामागे कुठलं पुस्तक नव्हतं, मिरज होतं. आमच्या गावात सतारमेकर गल्लीत भले मोठे वाळलेले भोपळे टांगलेले असत. पूर्वी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. त्यांना लागणारे भोपळे पंढरपूरकडून येत. ते इतके कडू की खायचा विचारच नको. वनस्पतिशास्त्रात मात्र तो भोपळा आणि आपला दुधी एकाच जातीचे, लॅजिनेरिया सायसेरारिया. आई म्हणायची, ‘भावंडंच ती. एखादं कधी दुसऱ्याच्या वळणावर जाणारच.’

ही कडवट चव कुकुरबिटासिन या द्रव्यामुळे येते, आणि दुधी शिजवला तरी ती जात नाही. 2010 साली दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि मग सगळीकडे चर्चा सुरू झाली. कारल्याच्या संगतीत दुधीचा कडूपणा कळणार तरी कसा? पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, आधी छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या. ते वाचून आई नुसती हसली.

मोठ्या माणसाला कडू लागलं तर तो थुंकून तरी टाकेल. बाळ काय करणार? तोंडात गेलेलं ते तसंही जिभेने बाहेरच ढकलतं. जन्मजात सवयच असते ती, हळूहळू सुटते. मग कडू लागलं म्हणून ढकललं, हे आपल्याला कळणार कसं? म्हणून नातवाचं उष्टावण झाल्यावर दुधी चिरायची पाळी आली तेव्हा चाखायचं काम मी कुणाला दिलं नाही.

बाकी बहुतेक गोष्टींत मला गप्प बसावं लागलं. माझी लेक लहान होती तेव्हा डॉक्टर चार ते सहा महिन्यांत वरचं अन्न सुरू करा म्हणायचे. 2001 पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध सांगते, आणि लेक त्या तारखेला चिकटून राहिली. मीठ नाही, साखर नाही, वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. आमच्या वेळचं वरणाचं पाणीसुद्धा तिने मोडीत काढलं. ‘आई, एवढंसं पोट ते. पाण्याने भरलं तर अन्न कुठे मावणार?’ बोलणं झोंबलं, पण खरं होतं. दुधीतच पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि सहाव्या महिन्यानंतर बाळाला लोह लागतं. ते काही दुधी देणार नाही.

म्हणून दुधीला सोबत हवी. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, खमंग भाजून भरड काढलेली असतेच. तिची खिमट शिजत आली की त्यात दुधीच्या फोडी घालायच्या. बिया जून वाटल्या तर काढून टाकायच्या. फोड बोटाने चिरडली पाहिजे इतकी शिजू द्यायची, मग रवीने घोटायचं. मिक्सर नको, त्याने चिकट होतं. चमचा वाकडा केला तरी खिमट त्यावर टिकली पाहिजे. वर साजूक तूप. आमच्या नातवाने पहिले काही दिवस सगळं हनुवटीवर घेतलं. लेक हिरमुसली, पण नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा द्यावी लागते, हे तिच्याच डॉक्टरांनी सांगितलेलं. एके दिवशी त्याने चमचा धरून ठेवला.

त्या काळात मी त्याच्या वाटीतलं उरलेलं खात असे. मीठ नाही, हिंग नाही, जिरं नाही. मला बेचव लागायचं आणि तो मन लावून खायचा. मला वाटतं, दुधी फिका नसतोच. आपल्या जिभेला मिठाची सवय लागलेली असते आणि दोष आपण भाजीच्या माथी मारतो. शाळेच्या डब्यात दुधी-चणाडाळ निघाली की मी डबा बंद करायची. लग्नानंतर तीच भाजी मी गोडा मसाला नि खोबऱ्याच्या आड लपवून वाढत राहिले. सालांची तिळाची चटणी तेवढी न लपवता खपायची. वडिलांच्या शेवटच्या आजारात पुन्हा तोच बिनमसाल्याचा दुधी, आणि त्यांनी तो कुरकुर न करता खाल्ला.

नातवाचं वर्ष उलटलं आणि त्याला फोडणीचा शोध लागला. आता तो वरणातून दुधीची फोड अचूक उचलून ताटाबाहेर ठेवतो. मी थालीपिठात किसून घातला. त्याने वरचं लोणी चाटलं आणि थालीपीठ माझ्या ताटात टाकलं. हलव्याचं नाव काढलं की लेक म्हणते, साखर दोन वर्षांपर्यंत नाही. तेव्हा हलवा आम्ही दोघी तो झोपल्यावर खातो.