ठाण्याहून निघालेली किल्ली

नववीत एका प्रश्नाला मला भोपळा मिळाला होता. ‘ताशी ६० किमी एकसमान वेगाने जाणाऱ्या गाडीचे त्वरण किती?’ मी ६० ला कशाने तरी भागलं होतं. खरं उत्तरही भोपळाच, असं सरांनी सांगितल्यावर वर्ग खो खो हसला. मला मात्र ते पटलं नव्हतं. गाडी एवढी सुसाट आणि त्वरण शून्य?

परवा मुलगी त्याच धड्यावर अडली. रविवारी घाटकोपरला मावशीकडे जायचं होतं. ठाण्याला जलद लोकलमध्ये चढलो. डबा चक्क बराचसा रिकामा होता. घराची किल्ली ३० सेंटिमीटर दोऱ्याला बांधून वरच्या कडीला लटकवली.

गाडी सुटली तशी किल्ली मागे, कल्याणच्या बाजूला झुकली. मोबाइलवर वेगाचा आकडा ६० ला पोचायला ३० सेकंद लागले. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, त्याला ३० ने भागलं की त्वरण ०.५६. गुरुत्वत्वरण ९.८ धरलं, तर किल्ली पावणेदोन सेंटिमीटर सरकायला हवी. पट्टी धरली. हिसक्यांमुळे नीट मोजता येईना, पण दीड-दोनच्या मध्येच कुठेतरी होती.

मुलुंड, भांडुप गेलं. आकडा ७५ वर स्थिरावला होता. फलाटावरची माणसं दिसेपर्यंत नाहीशी होत होती आणि किल्ली मात्र घरातल्या खुंटीला टांगल्यासारखी सरळ! जराशी थरथरत होती, एवढंच. ‘‘गाडी थांबलीय असं वाटतंय हिला,’’ मुलगी म्हणाली. दोऱ्याला वेगाशी काही देणंघेणं नव्हतं. वेग बदलला की तो हलायचा. सरांचा भोपळा मला तेव्हा कुठे पचला. घाटकोपरला ब्रेक लागला आणि किल्ली पुढे झुकली, दारातली मंडळीही.

उतरून रिक्षा केली आणि किल्ली तिच्यातही लटकवली. तिचा वेगाचा काटा शून्यावरच अडकलेला. मी अंदाजाने ताशी १८, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरले. वळणावर रिक्षाची चाल तीच राहिली, पण किल्ली चांगलीच बाहेर फेकली गेली. चाल तीच, तरी दिशा बदलली म्हणजे वेग बदललाच. वळणाची त्रिज्या १० मीटर धरली, तर चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, त्वरण २.५.

‘‘बाबा, लोकलच्या चौपटीहून जास्त!’’ मुलगी ओरडली.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. ‘‘मीटर बरोबर आहे हां, साहेब.’’