दम टिकवणारी बाटली

हातकणंगल्यात मी शाळेत खेळ शिकवतो. कबड्डीच्या सरावाला येताना आठवी-नववीची पोरं वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली आणायला लागली. "सर, दम टिकतोय ह्यानं!" दम कसला? दोन बाटल्या उपाशीपोटी रिचवलेल्या एकाला मी बाजूला बसवलं, तरी त्याची छाती धडधडतच होती. रात्री उशिरापर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही, असं त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

बाटलीवर किंमत ठळक होती. 'मुलांसाठी नाही' ही सूचना मात्र मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. नियमाप्रमाणं अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ पर्यंत. शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी आणू, असं तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं होतं. आमची पोरं बाटल्या घेतात ती टपरी फाटकासमोरच आहे.

कॅफीन पोरांना दिसत नाही, साखर दाखवता येते. विज्ञानाच्या बाईंकडून तराजू आणला आणि २५० मिलिलिटर कोलातली साखर, सुमारे २७ ग्रॅम, कागदावर ओतली. वरून घातलेली साखर मुलांनी दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. एका बाटलीतच हिशेब संपला. चहा-बिस्किटं अजून बाकीच.

तेवढ्यात मागनं एक पोरगी म्हणाली, "सर, मग उसाचा रस?"

प्रश्न अडचणीचा. हुपरीला जवाहर साखर कारखाना, गंगानगरला पंचगंगा. गळीत हंगामात रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला. पण खरं तेच सांगितलं. आलं-लिंबू पिळलं तरी रसात शंभर मिलिलिटरला तेरा-चौदा ग्रॅम साखर असतेच, भरला ग्लास कोलाला मागं टाकतो. ट्रॉलीतनं ओढलेला ऊस चघळायचा तर अर्ध्या कांडक्यात जबडा दुखतो, चोथा थुंकावा लागतो. ग्लास मिनिटात रिकामा. प्यालेल्या साखरेनं पोट भरत नाही, घरी जाऊन भाकरी तेवढीच खाल्ली जाते. जास्तीचं वजन, यकृतावरची चरबी आणि पुढं कोवळ्या वयातला मधुमेह, ही वाट तिथनं सुरू होते. दातांचं तर विचारूच नका.

पालकसभेत एक ऊसकरी बाप उसळलाच. "मास्तर, तुम्हीच साखरेला नावं ठेवाय लागला, तर आमच्या उसाला दर कोण देणार?"

"दादा, दर कारखान्याकडं मागूया की. पोराच्या पोटातनं कशाला वसूल करायचा?"

सभा हसली, तो हसला नाही. "रस बंद म्हणू नका," एवढंच म्हणाला.

"बंद नाही. कधीतरी, अर्धा ग्लास. ती बाटली मात्र बंद."

सरावाला आता पाण्याचा माठ असतो. ताकाची किटली त्याच्याच घरनं येते, मीठ जरा जास्तच घातलेली.