पुस्तकाची मागची पानं

ऊसतोड कामगाराच्या मुलाचं पुस्तक हातात घेतलं की मी आधी मधलं पान उघडते. अलीकडची पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, चित्रातल्या माणसांना पेनानं मिशा काढलेल्या. पलीकडची पानं करकरीत. गावची शाळा जूनमध्ये सुरू होते, दिवाळीच्या मागंपुढं टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मूलही गाडीत चढतं. परततं तेव्हा मार्च-एप्रिल आलेला असतो. वर्षामागून वर्षं ते पहिल्या सत्राचेच धडे शिकतं. अशा मुलाला ‘कच्चं’ म्हणण्याआधी त्याचं पुस्तक एकदा चाळून बघावं.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, तोडकऱ्यांच्या तळावरच्या साखरशाळेत शिकवते. मुलं बहुतेक बीडकडची, काही जालन्याची, काही अहिल्यानगरची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून गाडी मध्यरात्री आली तरी भरावीच लागते. मग कोपीवरचं, म्हणजे झोपडीतलं, पाणी, चूल आणि तान्हं लेकरू कुणी बघायचं? नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं. तिचं हे काम कुठल्याच पावतीवर येत नाही.

अशी मुलगी दाराशी येते ती भावंडाला कडेवर घेऊनच. “बाई, ह्याला घिऊन बसू का?” या प्रश्नाला क्षणभरही न थांबता ‘ये’ म्हणावं लागतं. जराशी आठी दिसली तरी ती दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून आमच्या वर्गात आढ्याला झोळी टांगलेली असते. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, झोका देत देत मुली शुद्धलेखन लिहितात. बाहेरून आलेल्या साहेबांना हे शिस्तीत बसत नाही. मी तरी याहून शिस्तीचा वर्ग पाहिलेला नाही.

वाचन शिकवताना मी मुळाक्षरांच्या क्रमानं जात नाही. ऊस, मोळी, टोळी, कोपी, पाचट, कोयता. जोडाक्षर नसलेले, रोज तोंडात असलेले हे शब्द आधी फळ्यावर येतात. ‘मोळी’ वाचता आली की तिच्यातली ‘ळी’ ‘टोळी’त सापडते, मग ‘पोळी’त, मग ‘दिवाळी’त. मूल अक्षर स्वतः हुडकून काढतं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी या कामात आहे.

गणिताला वजनकाट्याची पावती. भरलेली गाडी २४,३६० किलो, रिकामी ६,८९०, तर ऊस किती? हीच वजाबाकी पुस्तकातून घातली तर मुलं खाली बघतात. पावती दिली की बोटं सुरू होतात आणि १७,४७० हे उत्तर कुणीतरी ओरडून सांगतं. पावतीवरच्या आकड्याला टनाच्या दरानं गुणायचं, त्यातून उचल वजा करायची, हेही पुढं येतं. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा मोठ्या मुलांना शेकडेवारी शिकवायला वेगळं उदाहरण शोधावं लागलं नाही. घरातलं पोर हिशेब वाचू लागलं की आईबाप मुकादमाला चार प्रश्न विचारू लागतात. उचल फिटली की बाकी राहिली, हे समोरच्याच्या तोंडून ऐकून अंगठा उठवणं आणि स्वतः वाचून उठवणं यांत फार अंतर आहे.

तळावर भेट द्यायला चांगली माणसं येतात. खाऊ वाटतात, जुने स्वेटर देतात, मुलांच्या पायांतल्या भेगा बघून त्यांचे डोळे भरतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण वर्गात कळवळ्याचं काम वेगळं असतं. ‘बिचारं’ म्हणून चुकीची वेलांटी सोडून दिली, की त्या मुलाकडून आपण फारशी अपेक्षा ठेवत नाही हे त्याला लगेच कळतं. फडातून दमून आलेल्या पोराला मी आधी पाणी देते, टेकू देते, आणि मग ती वेलांटी दुरुस्त करूनच घेते. कळवळा असेल तर त्यानं मुलाला पुढच्या पानावर न्यायला हवं.

ज्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याच मातीत आज मी हे लिहिते आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदाही २००९ साली झाला. कायद्यानं शाळा घराजवळ हवी म्हटलं. या मुलांचं घर मात्र अर्धं वर्ष उसाच्या फडामागं फिरत असतं. मूल गावातच राहून शिकावं हे उत्तम, आणि हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत. तरी माझ्या वर्गात पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की भाऊ गावी आजीजवळ राहतो आणि बहीण तान्ह्यासाठी टोळीबरोबर येते. हा अन्याय आहे, आणि तो दारिद्र्याच्या नावाखाली झाकला जातो.

गावच्या शाळांतल्या बाईंना आणि सरांना माझं एक मागणं आहे. मूल टोळीबरोबर निघालं की त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, आणि ते कुठला धडा वाचतं, कुठल्या गणिताला अडतं, हे दोन ओळींत लिहून द्या. आम्ही तिथून पुढं शिकवू आणि परत पाठवताना तसंच लिहून देऊ. एप्रिलमध्ये ते तुमच्या वर्गात परत आलं, की ती चिठ्ठी वाचा आणि पुस्तकाची मागची पानं उघडा.