ओळख पटत नाही

अलिबाबाची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. शब्द उच्चारताच गुहेचं दार उघडतं, ह्याचंच त्या वयात नवल वाटतं. पण त्या चाळीस चोरांची खरी चूक कोणती, हे ध्यानात यायला मला चाळिशी ओलांडावी लागली. परवलीचा शब्द ते मोठ्यानं उच्चारीत, ही ती चूक! झाडावर बसलेला अलिबाबा तो ऐकत होता. हे शहाणपण मला शिकवलं आमच्या शाळेच्या निवृत्त भाऊसाहेबांनी.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण विचाराल तर दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा यंत्रांविषयी माझं ज्ञान किती असेल, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटाशेजारी, २००८ साली एक काळा डबा येऊन बसला. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवक. सगळ्या कचेरीची माहिती पोटात घेऊन मागेल त्याला मागेल ते देणारा. भाऊसाहेबांनी दोन वर्षं खपून शाळेचं सारं जनरल रजिस्टर त्यात उतरवलं. शाळा सुटल्यावर रात्री आठ-आठपर्यंत ते बसत. आम्ही शिक्षक हसत असू. मी तर शाळेच्या वार्षिकात ‘भाऊसाहेबांचा डबा’ असा एक विनोदी लेखच लिहिला. लेख फार गाजला. भाऊसाहेबांनी मात्र तो वाचल्याचं कधी दाखवलं नाही. २०२१ साली ते निवृत्त झाले, आणि करोनामुळे त्यांचा निरोपसमारंभही राहून गेला.

त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेचं पाणी तळमजल्यावर पुरुषभर चढलं. कागदी रजिस्टरांचा लगदा झाला. वरचा डबा तेवढा कोरडा राहिला. तरीही कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा पडदा आणि कळफलक केव्हाच कोणीतरी प्रयोगशाळेत नेले होते. त्याच्याशी बोलायचं तर खालच्या कचेरीतल्या नव्या यंत्रातून, तारेवरून.

२०२४ च्या मे महिन्यात मी कोकणात बहिणीकडे होतो. आंबे खाऊन सुस्तावलो असताना एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ती परिचारिका आहे. नव्या नोकरीसाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, सोमवारच्या आत. वार शुक्रवार. तिचा दाखला त्याच पुरात गेलेला. म्हणाली, “सर, माझी जन्मतारीख आता फक्त शाळेतच आहे हो!”

शाळेचे नवे कारकून रजेवर होते. फोनवर म्हणाले, “माझ्या वेळचं सगळं नव्या यंत्रात आहे. त्या डब्याला मी हात लावीत नाही.” माझी भाची पुण्याला संगणकशास्त्र शिकते. तिला मी ऐकीव ज्ञानाच्या जोरावर म्हटलं, “इंटरनेटच्या बाजूनं त्या डब्याचं एक दार उघडलं, की इथून थेट आत शिरता येईल ना?”

“मामा, तू रात्री शाळेचं फाटक सताड उघडं टाकून घरी येशील का?” ती म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. दुरून कारभार करण्याच्या ह्या दाराला ३३८९ असा क्रमांक असतो, आणि जगभरचे चोर अशी दारं रात्रंदिवस ठोठावीत असतात. आमच्या डब्यातली प्रणाली २००३ ची. १४ जुलै २०१५ पासून मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल सोडली. २०१९ च्या मे महिन्यात ह्या दारातच एक भगदाड सापडलं. ब्लूकीप त्याचं नाव. परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही त्यातून आत शिरता येई. कंपनीनं सोडून दिलेल्या प्रणालींसाठीही तेव्हा डागडुजी पाठवली. “तुमच्या डब्याला ती कोणी लावली?” मी काय उत्तर देणार?

तेव्हा मधला मार्ग निघाला. शिपाईमामांनी कचेरी उघडली, नवं यंत्र सुरू केलं आणि तेवढ्या वेळेपुरता चालणारा एक आकडा भाचीला वाचून दाखवला. तिच्या मांडीवरच्या यंत्रात आमची कचेरी अवतरली. तिथून तिनं वरच्या डब्याला हाक घातली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला. त्याचा अर्थ असा, की समोरच्या यंत्राची ओळख पटत नाही, तरीही जोडायचं का?

मला हसू आलं, आणि लगेच मावळलं. सोळा वर्षं एका छपराखाली, आणि ओळख पटत नाही!

ओळख मान्य केली, तर पुढं परवलीचा शब्द. तो ठाऊक असलेला माणूस एकच. शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भाऊसाहेबांना मी तीन वर्षांत एकदाही फोन केला नव्हता. तो आता केला.

“मास्तर, परवलीचा शब्द फोनवर सांगायचा नसतो.”

“अहो भाऊसाहेब, मी आहे ना!”

“तुम्ही आहात हो. पण शब्द शाळेचा आहे.”

आणि फोन बंद झाला. माझ्या लेखाची ही वाजवी किंमत आहे, असं मनाशी म्हणत मी बसलो.

अर्ध्या तासानं भाची ओरडली, “मामा, बघ!” रिकाम्या चौकटीत एक काळा ठिपका उमटला होता. बऱ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा. उन्हातून चालत येऊन, चष्मा सावरीत, एका बोटानं ते एकेक अक्षर शोधीत होते. दीडशे मैलांवरून मला अक्षर दिसत नव्हतं, बोट दिसत होतं. नऊ ठिपके झाले आणि दार उघडलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक ‘चांगली’. सगळं जागच्या जागी होतं. शनिवारी मुख्याध्यापकांची सही होऊन दाखल्याची दुसरी प्रत तिच्या हाती पडली.

जूनमध्ये भाऊसाहेबांना समोर बसवून आम्ही सारी माहिती नव्या यंत्रात आणि आणखी दोन ठिकाणी उतरवून घेतली, मगच डब्याची तार काढली. परवलीचा शब्द त्यांनी लाखेनं बंद केलेल्या पाकिटात मुख्याध्यापकांना दिला. जिना उतरताना मी हळूच विचारलं, “आता तरी सांगा, काय होता तो?”

“तुमच्या त्या लेखात नाही तो, मास्तर,” ते म्हणाले आणि हसले.

म्हणजे त्यांनी तो वाचला होता!

यंदाच्या दिवाळीत फराळ घेऊन पहिल्या दिवशीच मी त्यांच्याकडे जाणार आहे. डबा मात्र कोणता न्यावा, ह्याचा विचार दोन दिवस चालू आहे.