बिदरची माती, गाणगापूरची पावती

उदगीर सुटलं की गाडीतली बोली पालटते. भालकी येईतो समोरच्या बाकावरच्या बायका एकमेकींशी मराठीत, पोरांशी कन्नडात आणि शेंगदाणेवाल्याशी दखनीत बोलत होत्या. आईला गाणगापूरला दत्ताच्या पायी जायचं होतं, मला बिदर बघायचं होतं. दोन्ही एकाच वाटेवर, म्हणून दोघी मिळून निघालो.

बिदर स्टेशनाबाहेर एक रिक्षावाला लगेच पुढे आला. "आई, किल्ला, मदरसा, अष्टूर, नानक झिरा, सगळं फिरवतो." किती घेणार विचारलं, तर म्हणाला, "मनाला येईल ते द्या." प्रवासात याच्याइतकं महाग वाक्य दुसरं नाही. संध्याकाळी सामान रिक्षात आणि आपण दमलेले, तेव्हा मन कुणाचं चालतं? मी ठिकाणं, थांबण्याचा वेळ आणि एकूण रक्कम बसण्याआधीच ठरवून घेतली, तीही दुसऱ्या दोन रिक्षावाल्यांच्या देखत. तो हसत कबूल झाला आणि दिवसभर इमानाने वागला. आईला पायऱ्यांवर हात दिला, भावापेक्षा एक रुपयाही जास्त मागितला नाही. व्यवहार आधी स्पष्ट झाला की माणसं सहसा चांगलीच वागतात.

किल्ल्यात मात्र एक गृहस्थ आपणहून सोबत चालू लागले. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, तरी "सरकारी गाइड" म्हणवत होते. एका बुजलेल्या तोंडापाशी थांबून त्यांनी सांगितलं, की हा भुयारी रस्ता थेट गोवळकोंड्याला जातो आणि आत खजिना आहे. बिदरच्या जमिनीखाली खरोखर बोगदे आहेत, पण ते पाण्याचे. इराणात करेझ म्हणतात ती भूमिगत पाण्याची योजना बहमनी काळात इथे आणली गेली. नौबादला ती अजून बघता येते, तिथले लोक तिला सुरंग बावी म्हणतात. ठरावीक अंतरावर खोदलेल्या उभ्या विहिरी, त्यांतून उतरणारा उजेड आणि खडकातून झिरपलेलं पाणी नेमक्या उतारावरून वाहून नेणारा बोगदा. खजिन्याच्या थापेपुढे हे कितीतरी मोठं आहे. अशा गाइडला दिलेले पैसे परत मिळवता येतील. खोटी गोष्ट घेऊन घरी गेलेल्या माणसाला खरं बिदर मात्र कधीच भेटत नाही, आणि मला या फसवणुकीचाच जास्त राग येतो.

रंगीन महालाला कुलूप होतं. "चावी माझ्या माणसाकडे आहे, पाचशे द्या," गृहस्थ म्हणाले. मी त्यांना नमस्कार केला आणि किल्ल्यातल्याच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात जाऊन विचारलं. तिथला कर्मचारी किल्ल्या घेऊन आला, त्याने दार उघडलं आणि पैशाचं नावही काढलं नाही. आत काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेले. अंधाराला डोळे सरावले तशी एकेक पाकळी चमकायला लागली. आई बराच वेळ त्या चौकटीपुढून हलेना.

काळ्यावर पांढरं हे बिदरचं वेडच आहे. तेच बिदरी कामात दिसतं आणि पर्यटक सगळ्यात जास्त फसतो तोही तिथेच. एका दुकानात मला हातभर सुरई दाखवली. "शुद्ध चांदी, बोहनी आहे म्हणून अर्ध्या भावात." उचलली तर फुलासारखी हलकी. अ‍ॅल्युमिनियमवर काळा रंग आणि वर चंदेरी वेलबुट्टी. मी ती जागेवर ठेवली आणि चौबारा मनोऱ्याजवळच्या गल्लीत एका कारखान्याची पायरी चढले. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. खाली बसून एक वयस्क कारागीर छिन्नीने कोरत होते.

बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडं तांबं. मातीच्या साच्यात ओतून भांडं काढतात, कानशीने घासतात, मग मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवली की तारकशी, पत्रा बसवला की तहनिशान. शेवटी भांडं तापवून त्यावर किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात. जस्त कायमचं काळं पडतं, चांदी जशीच्या तशी राहते. ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची जुनी मातीच लागते. कारागिराने चिमूटभर जिभेवर ठेवून दाखवली. "चवीवरून कळतं, ताई. ही चालेल."

हे एकदा बघितलं की कुणी फसवू शकत नाही. खरं बिदरी हाताला जड लागतं. चांदी खाचेत रुतलेली असते, नखाने खरवडून निघत नाही. तारेच्या वळणात हाताची किंचित असमानता दिसते, छापातली नक्षी मात्र एकसारखी असते. बिदरीला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळालं, इथले ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 चा पद्मश्री मिळाला. तरी नकली सुरई दीडशे पावलांवर विकली जाते आणि तिचा भाव ऐकून आलेला माणूस खऱ्या कारागिराला लुटारू समजतो. त्या खोलीत मी घासाघीस केली नाही. एक छोटी डबी घेतली आणि वजन, चांदीचं काम लिहिलेलं बिल घेतलं.

बिदरहून कलबुर्गीला हुमनाबादवरून जाणारा लोहमार्ग 2017 मध्ये सुरू झाला, त्यामुळे हा टप्पा आता सोपा झाला आहे. कलबुर्गीच्या किल्ल्यात 1367 ची जामा मशीद नक्की बघा. तिला उघडं अंगणच नाही, सगळी जागा घुमटांखाली झाकलेली. कमानींच्या रांगांत उन्हाळ्यातही गारवा असतो.

आणि मग गाणगापूर. दत्ताचा अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका, भीमा-अमरजेचा संगम, दुपारची माधुकरी. आईने पदर पसरून भिक्षा घेतली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. देवळाच्या वाटेवरच एकाने गाठलं होतं: खास अभिषेक, रांग नाही, पैसे माझ्या फोनवर पाठवा. आम्ही सरळ देवस्थानच्या कचेरीत गेलो, लावलेला दरफलक वाचला, छापील पावती घेतली आणि रांगेत उभ्या राहिलो.

ही खबरदारी उगाच नाही. देवळाच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून भक्तांकडून पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण 2025 मध्ये उघडकीस आलं. देवळातल्याच काही पुजाऱ्यांवर आरोप झाले, जिल्हा प्रशासनाने चौकशी केली आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. देवस्थान कर्नाटक सरकारच्या मुजराई खात्याकडे आहे, म्हणजे विचारायला हक्काची जागा आहे. अशा संकेतस्थळांवर पैसे भरणारे म्हणजे गुडघे दुखतात म्हणून पुण्या-सोलापुरात बसूनच अभिषेक सांगणारे आपले म्हातारे आईवडील. त्यांना आजच सांगा: पैसे पाठवण्याआधी देवस्थानच्या कचेरीत चौकशी करा, कुणा एकाच्या खात्यावर काही भरू नका, आणि माधुकरीला व पादुकांच्या दर्शनाला पैसे लागत नाहीत.