जांभळ्या पानांचं पुस्तक

मे संपत आला की मालवणात घरोघरी मसाल्याची घाई सुटते. धणे, मिरच्या, बडीशेप अंगणात पसरलेली असते आणि आभाळाकडे डोळा ठेवून माणसं डंकावर नंबर लावतात. दगडफुलाची पाळी आली की आई कढईपाशी बसून हमखास सांगते, "वायच तेलात परत, करपाक देव नको." हातात घेतलं तर वजनच लागत नाही. वरून राखाडी, खालून काळं, कडा चुरगळलेल्या. नाकाशी नेलं तर पावसाळाभर बंद राहिलेल्या माळ्याचा वास. रंग म्हणावा असं त्यात काहीच दिसत नाही.

म्हणूनच एक जांभळं पुस्तक डोक्यातून जात नाही. 781 साली शार्लमेन राजा आणि राणी हिल्डगार्ड यांनी गोडेस्काल्क नावाच्या लेखनिकाकडून लॅटिन शुभवर्तमानातले उतारे लिहवून घेतले. ते काम पुरं व्हायला 783 उजाडलं. ताणून वाळवलेल्या कातड्याची 127 पत्रं, जांभळी रंगवलेली, त्यांवर सोन्याचांदीची अक्षरं. आज तो ग्रंथ पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या पानांचं छायाचित्र पाहताना मला झाडाखाली पडून फुटलेल्या जांभळाची साल आठवली.

असा जांभळा म्हणजे रोमच्या सम्राटांचा रंग. तो समुद्रातल्या गोगलगाईंतून निघे. 1909 साली एका रसायनशास्त्रज्ञाने 12,000 गोगलगाई फोडल्या, तरी दीड ग्रॅमही रंग हाती आला नाही. मात्र अशी जुनी जांभळी पानं अलीकडे तपासली, तेव्हा पुष्कळदा तिथे सापडला समुद्रकाठच्या खडकांवर वाढणाऱ्या शैवाकाचा रंग. म्हणजे आमच्या दगडफुलाचाच चुलतभाऊ! त्याची भुकटी शिळ्या मुतात कित्येक आठवडे भिजवायची, वारा द्यायचा, ढवळत राहायचं. मग हळूहळू जांभळा उतरतो. राजाच्या देवघरातलं वैभव खडकावरच्या त्या खरखरीत पापुद्र्यातून आलेलं असू शकतं, याचा मला मनापासून आनंद होतो.

बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमला मात्र हा थाट सोसला नव्हता. कातडी रंगवता, सोनं वितळवून अक्षरं काढता आणि ख्रिस्त तुमच्या दाराशी उघडा मरतो आहे, असं त्याने 384 च्या सुमारास एका पत्रात खडसावलं. त्याचं म्हणणं मला पटतं. तरी ती पानं पाहिली की हात जोडावेसे वाटतात.

तेरेखोल नदीपलीकडे आपल्या भाषेतही ख्रिस्ताची कथा आली, अगदी साध्या कपड्यांत. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं. 1616, 1649 आणि 1654 अशी तीनदा ते छापलं गेलं. त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. उरल्या त्या कुणीकुणी बसून उतरून काढलेल्या हस्तलिखित प्रती; त्यांतली देवनागरीतली एक लंडनला आहे. सोनं नाही, जांभळा नाही. शाई, कागद आणि उतरणाऱ्याचा दुखरा हात. मला हे वैभव मोठं वाटतं.

आपल्याकडची हवा दमट, वाळवी तर पाचवीला पुजलेली. तुमच्या माळ्यावर फडक्यात बांधलेली एखादी जुनी पोथी असेल, कुठल्याही धर्माची, कुठल्याही लिपीतली, तर पाऊस लागायच्या आत ती खाली काढा. रद्दीत देऊ नका.